भीती वाटत असतानाच देवावर भरवसा कसा ठेवायचा

रात्री अडीच-तीनला अचानक जाग येते, छाती धडधडत असते, घरातले सगळे शांत झोपलेले असतात आणि आपल्या डोक्यात मात्र एकच गोष्ट गरागरा फिरत असते, उद्या रिपोर्ट काय येईल, नोकरी टिकेल का, मुलाचं पुढे कसं होईल, आईला काही झालं तर. प्रार्थना करायला जावं तर "हे प्रभू" च्या पुढे शब्दच सुचत नाहीत. आणि मग त्या भीतीच्या डोक्यावर अजून एक भीती येऊन बसते, की मी येशूवर विश्वास ठेवते तरी मला एवढं घाबरायला होतं, म्हणजे माझा विश्वासच खोटा आहे की काय. मला तर ही दुसरी भीती पहिलीपेक्षा जास्त छळायची.

मी यातून गेलेय म्हणून लिहितेय. एका वर्षी कित्येक महिने माझं असं चाललं होतं, आणि त्या काळात एका भल्या माणसाने मला अगदी प्रेमाने सांगितलं की "विश्वास वाढवा, सगळं नीट होईल". मी घरी आले, दार लावलं आणि खरंच विश्वास वाढवायला बसले, म्हणजे डोळे घट्ट मिटून, मुठी आवळून, मनातली भीती ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्या तासाने आधीपेक्षा जास्त घाबरलेली उठले. कारण "भरवसा ठेव" हे सगळे सांगतात पण म्हणजे हातापायांनी, तोंडाने, वहीपेनाने नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही. तेच इथे लिहायचा प्रयत्न करतेय, शास्त्रातून जे सापडलं आणि जे करून बघितलं ते.

आधी एक ओझं खाली ठेवा

भीती वाटणं म्हणजे अविश्वास, हे ओझं. हे डोक्यावर घेऊन पुढचं काहीच जमणार नाही.

बायबलमधलं स्तोत्र ५६ उघडा. त्याच्या वर लिहिलंय की पलिष्ट्यांनी, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंनी, दावीदाला गथ इथे धरलं तेव्हाचं हे आहे. ही गोष्ट १ शमुवेल २१ मध्ये आहे आणि ती नीट वाचली तर दावीदाची अवस्था कळते. शौल राजा जिवावर उठलाय म्हणून तो पळाला, याजकाकडून गल्याथाची, म्हणजे पूर्वी त्यानेच मारलेल्या धिप्पाड पलिष्टी योद्ध्याची, तलवार घेतली आणि पळून गेला कुठे तर गथला, म्हणजे गल्याथाच्याच गावात! घाबरलेला माणूस कसा विचार करतो बघा. तिथे लोकांनी त्याला ओळखलं, मग तो आखीश राजाला एवढा भ्याला की वेड्याचं सोंग घेतलं, दारांवर रेघोट्या ओढल्या, दाढीवर लाळ गाळली. गल्याथाला मारणारा हाच तो दावीद. आणि याच प्रसंगाचं स्तोत्र म्हणतं की मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवतो.

"तेव्हा" हा शब्द पेनाने अधोरेखित करून ठेवा. भीती गेल्यावर ठेवीन असं तो म्हणत नाही, भीती आहे त्याच वेळी ठेवतो म्हणतो. तिसऱ्या वचनात भीती वाटते आणि चौथ्या वचनात तोच म्हणतो की मी भिणार नाही. दोन ओळींत दोन्ही. मी आधी याला विसंगती समजायचे, आता वाटतं की प्रार्थना करणाऱ्या घाबरलेल्या माणसाचं मन असंच हलतं, इकडून तिकडे, आणि देवाने ते हलणं तसंच शास्त्रात राहू दिलं. त्याच स्तोत्रात आठव्या वचनात तो देवाला म्हणतो की माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव.

प्रेषित पौलाचंही तेच. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे ज्याने लिहिलं तोच पौल करिंथच्या मंडळीला (चर्चला) लिहितो की मासेदोनियात आलो तेव्हा बाहेर भांडणं आणि आत भीती होती (२ करिंथ ७:५), आणि अजून पुढे सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. त्याने लपवलं नाही.

मग देव जो इतक्या वेळा "भिऊ नको" म्हणतो त्याचं काय? ते म्हणताना जवळपास प्रत्येक वेळी समोर घाबरलेलं माणूस आहे आणि पुढे कारण जोडलेलं आहे. यशया ४१:१० बघा, भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे. लेकरू रात्री दचकून उठतं तेव्हा आई म्हणते ना, घाबरू नको, मी आहे इथे, ती काय त्याला रागवत असते का? मी ती वचनं बरीच वर्षं रागावल्यासारखी वाचत होते, आवाज बदलला आणि वचन तेच राहून वेगळं ऐकू आलं.

भीतीला नाव देऊन ती समोर मांडा

भीती धुक्यासारखी असते तोवर तिच्याशी काहीच करता येत नाही. "खूप टेन्शन आहे प्रभू, सांभाळ" ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती करून आपण उठतो तेव्हा टेन्शन जसंच्या तसं आपल्याबरोबर उठतं, निदान माझं तरी उठायचं.

यहूदाच्या हिज्कीया राजाने काय केलं ते मला फार आवडतं. अश्शूरचा राजा सन्हेरीब याचं धमकीचं पत्र आलं, त्याने ते वाचलं, परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते पत्र परमेश्वरासमोर पसरलं (२ राजे १९:१४). पत्रच पसरलं! देवाला काय लिहिलंय ते माहीत नव्हतं का, होतंच, पण हिज्कीयाला ते हातातून खाली ठेवायचं होतं. आणि प्रार्थनेत तो असं म्हणत नाही की हे सगळं खोटं आहे, तो म्हणतो की अश्शूरच्या राजांनी खरंच राष्ट्रं उजाड केली आहेत. वस्तुस्थिती मान्य करून मग मागणं.

तर तुम्हीही हेच करा, शब्दशः. ज्या गोष्टीने भीती वाटतेय ती वस्तू घ्या, रिपोर्ट असेल तर रिपोर्ट, बँकेचं पत्र असेल तर ते, फोनवरचा मेसेज असेल तर तो उघडून फोन समोर ठेवा, आणि काहीच वस्तू नसेल तर एका कागदावर एका वाक्यात लिहा की मला नक्की कशाची भीती वाटतेय. मग त्या वाक्याखाली लिहा, "तसं झालं तर मग काय?" आणि त्याचं उत्तर लिहा, आणि परत एकदा "मग काय?" दोन-तीन पायऱ्या उतरलं की बहुतेक वेळा वेगळंच काहीतरी हाताला लागतं. मी "पैसे पुरणार नाहीत" पासून सुरुवात केली होती आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं "मी सगळ्यांना नकोशी होईन". मी इतके दिवस पैशांसाठी प्रार्थना करत होते आणि भीती भलतीकडेच होती. त्या तळाच्या वाक्यासाठी प्रार्थना करा. मोठ्याने करा, घरात जागा नसेल तर बाथरूममध्ये जाऊन करा, पण ओठ हलू देत, कारण मनातल्या मनात केलेली प्रार्थना काळजीत कधी विरघळून जाते ते घाबरलेल्या माणसाला कळतही नाही.

यानंतर त्याच कागदावर मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला माझ्या हातात जे आहे ते, दुसऱ्या बाजूला जे माझ्या हातात अजिबात नाही ते. नहेम्या ४:९ मध्ये, शत्रू यरुशलेमचा कोट बांधू देत नव्हते तेव्हाच्या, एकाच वचनात दोन्ही आहे, आम्ही आमच्या देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. नहेम्याला यात काही विरोध वाटला नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणं, फोन करून माफी मागणं, खर्चाची यादी करणं, हा आपला पहारा, तो करायचाच, त्याने विश्वास कमी होत नाही. दुसऱ्या बाजूचं मात्र वाचून देवाच्या हवाली करायचं. मोठी सेना चालून आली तेव्हाची यहोशाफाट राजाची प्रार्थना यासाठी पाठ करून ठेवा, काय करावं हे आम्हाला सुचत नाही पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). राजा माणूस सगळ्या लोकांसमोर उभा राहून म्हणतोय की मला सुचत नाही.

फिलिप्पै ४:६-७ आपण सगळ्यांनी पाठ केलंय पण त्यातला "आभारप्रदर्शनासह" हा शब्द आपण पटकन म्हणून पुढे जातो. संकटाबद्दल आभार मानायचे असं तिथे नाही. मी तीन गोष्टी लिहिते, आजच्याच, आणि लहान, की आज दुपारी एक तास झोप लागली, की अमक्या ताईने स्वतःहून फोन केला. मोठ्या आशीर्वादांची यादी घाबरलेल्या मनाला खरी वाटत नाही, लहान गोष्टी नाकारता येत नाहीत. आणि पुढे जे "राखील" आहे ना, देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, तो मूळ ग्रीकमधला पहारेकऱ्यांचा, सैनिकी शब्द आहे. फिलिप्पै ही रोमची वसाहत होती, निवृत्त सैनिक तिथे वसवलेले, त्यांना हे चित्र लगेच कळलं असेल, आणि लिहिणारा स्वतः बंदीवान, ज्याच्यावर पहारा होता. म्हणजे शांती टिकवायची जबाबदारी माझी नाही, शांती माझ्यावर पहारा देते. मी उलटं करत होते, माझी शांती जाऊ नये म्हणून मीच रात्रभर जागत होते.

रात्री तीन वाजता

आता त्या रात्रीबद्दल सविस्तर, कारण दिवसा काढलेले सगळे निष्कर्ष रात्री गळून पडतात.

पहिलं म्हणजे फोन हातात घेऊ नका. गूगलवर लक्षणं शोधणं तर अजिबातच नको, त्या वेळी आपल्याला माहिती नको असते, खात्री हवी असते, आणि ती तिथे मिळत नाही. उठून बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, थोडं पाणी प्या. मग श्वास. हळू आत घ्या आणि त्याहून जास्त वेळ लावून बाहेर सोडा, श्वास बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची धडधड कमी व्हायला मदत होते, देवाने शरीर तसंच बनवलंय. आत घेताना मनात म्हणा "मला भीती वाटते तेव्हा", सोडताना "मी तुझ्यावर भरवसा ठेवतो". दहा वेळा, पंधरा वेळा. काही जणांना असं एकच वाक्य परत परत म्हणणं म्हणजे पोपटपंची वाटते, पण धरला जायच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मत्तय २६:४४ मध्ये आहे. अतिशय क्लेशात असताना त्याने नवे शब्द शोधले नाहीत, मग आपण का शोधायचे.

मग एखादं स्तोत्र वाचा, कागदाच्या बायबलमधून आणि मोठ्याने. कुठलं? चांगल्या दिवसांसाठीची आनंदाची स्तोत्रं त्या वेळी बोचतात. स्तोत्र १३ घ्या, सहा वचनांचं आहे, सुरुवातीलाच चार वेळा "किती काळ" असं विचारलंय. किंवा स्तोत्र ४२, ज्यात तो स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. स्वतःशी असं बोलायला शिकणं ही एक मोठी गोष्ट आहे, कारण रात्रभर आपण भीतीचं ऐकत बसतो, तिला उलट प्रश्न कोणी विचारत नाही. आणि फारच काळोख असेल तर स्तोत्र ८८, जे शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. असं स्तोत्र देवाच्या पुस्तकात आहे याचा मला किती आधार वाटलाय ते सांगता येत नाही, म्हणजे मी शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" असं म्हणू शकले नाही तरी माझी प्रार्थना ही प्रार्थनाच राहते.

आणि झोप नाही लागली तर नाही लागली. झोपेसाठी झगडू नका. उद्याचा दिवस थोडा जड जाईल एवढंच.

शरीराकडे बघा

कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळाल्यावर ईजबेल राणीच्या ठार मारण्याच्या एका निरोपाने एलीया संदेष्टा घाबरून पळाला, रानात एका रतामाच्या झुडुपाखाली बसला आणि म्हणाला परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे (१ राजे १९). देवाने त्याला काय दिलं? झोप. मग देवदूताने स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला आणि परत झोपला. दुसऱ्यांदा उठवून परत जेवायला घातलं, का तर तुला दूरचा पल्ला गाठायचाय. मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेबला गेल्यावर देवाने प्रश्न विचारला, एलीया तू इथे काय करतोस. म्हणजे बोलणं नंतर झालं, आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप.

आपण उलट क्रम लावतो. पोटात अन्न नाही, चार रात्री झोप नाही, आणि म्हणतो मला देव जवळ वाटत नाही. तर वेळेवर खा, भूक नसेल तर दोन घास खा, संध्याकाळी अर्धा तास चाला, चहा-कॉफी दुपारनंतर कमी करा. उपवास प्रार्थना चांगलीच, पण ज्याला चिंतेने आधीच जेवण जात नाही त्याने त्या दिवसांत अन्नाचा उपवास करू नये असं मला मनापासून वाटतं, हवा तर बातम्या आणि मोबाईलचा उपवास करा.

डॉक्टर, काउन्सेलर आणि औषध

हे मी स्पष्टच लिहिते कारण मंडळीत यावर कुजबूज होते. सतत कित्येक आठवडे चिंता थांबत नसेल, काम, झोप, जेवण बिघडलं असेल, किंवा एकदम छाती दाबल्यासारखी होऊन श्वास अडकतो, घाम फुटतो, आता मरतोय असं वाटतं आणि काही मिनिटांत टोकाला जाऊन हळूहळू उतरतं, असे पॅनिक अटॅक येत असतील, तर डॉक्टरकडे जा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर हे चिंतेचंच आहे असं स्वतः ठरवू नका, आधी हृदय तपासून घ्या. थायरॉईड वाढल्यामुळेही धडधड आणि घाबरल्यासारखं होतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. चिंतेवरच्या नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात म्हणून चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणू नका, आणि बरं वाटलं म्हणून किंवा प्रार्थनेत स्पर्श झाला म्हणून त्या स्वतःहून एकदम बंदही करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, तुझा विश्वास कमी आहे असं लिहिलं नाही.

चार्ल्स स्पर्जन या उपदेशकाचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. १९ ऑक्टोबर १८५६ ला लंडनमध्ये सरे गार्डन्सच्या हॉलमधली त्याची पहिलीच सभा होती, हजारो लोक आलेले, कोणीतरी आग लागली अशी खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात जण मेले. तो तेव्हा २२ वर्षांचा होता, महिन्याभरापूर्वी जुळी मुलं झालेली. तो इतका कोसळला की काही दिवस बायबल नुसतं दिसलं तरी रडू यायचं. थोड्या दिवसांनी तो परत उपदेश करायला उभा राहिला, पण खिन्नतेचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले आणि त्याने ते लपवले नाहीत, उपदेशातही बोलला. असा माणूस मंडळीसमोर हे बोलू शकतो तर आपण आपल्या पाळकांना एका बाजूला घेऊन सांगू शकतो.

आणि एलीयासारखं "जीव घे", जगायलाच नको असं वाटत असेल तर हे वाचायचं थांबवून आत्ता कोणालातरी सांगा, घरच्या माणसाला, पाळकांना, डॉक्टरला, एकटे राहू नका. देव तुमच्यावर रागावेल म्हणून गप्प राहू नका, एलीयावर तो रागावला नव्हता.

एकट्याने वाहू नका

गेथशेमानेत प्रभू तिघांना बरोबर घेऊन गेला आणि म्हणाला माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राने मित्रांकडे सोबत मागितली. ते झोपले हा भाग वेगळा, आणि तोही लक्षात ठेवा, की माणसं कमी पडतात, तरी त्याने मागितली.

तुम्ही एक किंवा दोन माणसं निवडा, अख्खा प्रार्थना ग्रुप नको. त्यांना आधीच सांगून ठेवा की मला सल्ला नको, फक्त मी "आज जड आहे" एवढा मेसेज टाकला की तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा आणि "केली" असं उत्तर द्या. एवढंच ठरवून ठेवलं तर खूप सोपं जातं, कारण भीतीच्या क्षणी सगळी गोष्ट समजावून सांगायची ताकद नसते. आणि तुमच्याकडे कोणी असं आलं तर लगेच वचन फेकू नका. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

उद्याचा मान्ना आज मिळत नाही

इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, माणशी एक ओमर (एक माप) मिळायचा, रोजचा रोज, आणि काहींनी भीतीपोटी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले (निर्गम १६), फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. चाळीस वर्षं असं चाललं. जी परिस्थिती अजून आलीच नाही तिच्यासाठीची कृपा आज माझ्याकडे नसणारच, म्हणून तर ते चित्र मनात आणलं की मी कोलमडते, कारण त्या चित्रात मी एकटी असते, देव नसतो. सकाळी एवढंच विचारा, आज रात्रीपर्यंत मला काय लागणार आहे, तेवढं मागा. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." दुपारी परत लागलं तर दुपारी मागा.

आणि जे घडू नये म्हणून प्रार्थना केली तेच घडलं तर?

हा प्रश्न टाळून लिहिलेलं सगळं पोकळ वाटतं मला, कारण घाबरलेल्या माणसाच्या मनात खाली हाच असतो. देवावर भरवसा म्हणजे वाईट काही होणारच नाही याची हमी असेल तर तो भरवसा पहिल्या वाईट रिपोर्टला मरतो. राजाच्या मूर्तीला नमन केलं नाही म्हणून जळत्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे म्हणाले, सोडवलं नाही तरी तुझ्या देवांना आम्ही नमन करणार नाही (दानीएल ३:१७-१८). "नाही तरी" हे त्यांनी भट्टीच्या बाहेर असताना ठरवलं होतं. गेथशेमानेत प्रभूने प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, टळावा अशी विनंती केली आणि प्याला टळला नाही. देवदूत येऊन त्याला शक्ती देऊन गेला (लूक २२:४३), परिस्थिती तीच राहिली. यिर्मया २९:११ आपण सगळे भिंतीवर लावतो, हिताचे संकल्प, पण त्याच्या आधीच्या वचनात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं लिहिली आहेत, ते पत्र ऐकणारे बरेच जण ती पूर्ण व्हायच्या आत गेले असणार.

मग उरतं काय? रोम ८:३८-३९. मरण, जीवन, आताच्या गोष्टी, येणाऱ्या गोष्टी, यांपैकी काहीही मला त्याच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. "येणाऱ्या गोष्टी" हे पौलाने त्या यादीत घातलंय. मी माझ्या भीतीच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे हे लिहिलं, हे झालं तरी तो माझ्याबरोबर असेल. लिहिताना हात थरथरत होता आणि मला ते शंभर टक्के खरं वाटतही नव्हतं. माझ्या भीतींपैकी एक पुढे खरी झाली. ते दिवस वाईट होते, मी ते गोड करून सांगणार नाही, पण मी जे चित्र रंगवलं होतं त्यातलं एक चूक निघालं, मी एकटी नव्हते.

पेत्राबद्दल थोडं

"त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो", हे १ पेत्र ५:७. टाका म्हणजे फेकाच, येशूला बसायला आणलेल्या शिंगरावर शिष्यांनी आपली वस्त्रं टाकली तिथे लूकने तोच ग्रीक शब्द वापरलाय. एकदा टाकून ती परत उचलली तर परत टाका, दिवसात वीस वेळा झालं तरी चालेल, मोजू नका.

हे लिहिणारा पेत्र म्हणजे येशूकडे पाण्यावरून चालत जाताना वारा बघून भ्यायलेला आणि बुडायला लागलेला, ज्याची प्रार्थना "प्रभुजी, मला वाचवा" एवढीच होती, आणि येशूने तत्क्षणी हात पुढे केला, अल्पविश्वासी का ते हात धरल्यावर विचारलं. एका दासीच्या प्रश्नाला घाबरून मी त्याला ओळखत नाही म्हणणाराही तोच. आणि मग प्रेषितांची कृत्ये १२ वाचा. हेरोद राजाने प्रेषित याकोबाला तलवारीने मारलंय, पेत्राचा नंबर उद्या आहे, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मधोमध, आणि पेत्र झोपलाय. इतका गाढ की देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागलं. याकोब सुटला नव्हता, त्यामुळे मी सुटेन अशी काही हमी त्याच्याकडे नव्हती. सरोवरापासून त्या झोपेपर्यंत मध्ये वर्षं गेली, म्हणून तुम्हाला हे महिन्याभरात जमलं नाही तर स्वतःला मारत बसू नका.

आणि त्याच रात्री ज्या घरात मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत होती तिथे तो येऊन दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी धावत आत जाऊन सांगते की पेत्र दारात उभा आहे, तर ते तिला म्हणतात तू वेडी आहेस. प्रार्थना तर चालू होती पण उत्तर दारात आलं तर पटेना. देवाने त्यांचं तेवढ्याच विश्वासावर ऐकलं. तुमचाही आज तेवढाच असेल, तर तेवढाच घेऊन बसा, कागद आणि पेन काढा आणि पहिलं वाक्य लिहा, मला कशाची भीती वाटतेय.